अजिंठ्याची भिंत वर्गात: आभासी वास्तवाच्या मदतीने वारसा शिकवताना

अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात सभामंडपाच्या उजव्या भिंतीवर सिंहल नावाच्या व्यापाऱ्याची कथा रंगवलेली आहे. गलबत फुटून सिंहल आणि त्याचे सोबती राक्षसिणींच्या बेटाला लागतात. एका पांढऱ्या दिव्य घोड्याच्या पाठीवरून सिंहल निसटतो, पण एक राक्षसीण सुंदर स्त्रीचे रूप घेऊन त्याच्या मागोमाग राजधानीत येते. राजा तिच्या रूपाला भुलून तिला राजवाड्यात ठेवून घेतो, एका रात्रीत राजवाड्याचा फडशा पडतो, आणि लोकांनी राजा केलेला सिंहल शेवटी सैन्य घेऊन त्याच बेटावर चालून जातो. सांगायला ही कथा सरळ आहे, मात्र भिंतीवर ती तशी सरळ मांडलेली नाही. डावीकडून उजवीकडे एकामागून एक प्रसंग, अशी ओळ तिथे सापडत नाही. अजिंठ्याच्या चित्रकारांनी अनेक कथांमध्ये प्रसंग काळाच्या क्रमाने न मांडता स्थळाप्रमाणे गटागटाने मांडले आहेत, हे डीटर श्लिंगलॉफ आणि विद्या दहेजिया यांच्यासारख्या अभ्यासकांनी सविस्तर दाखवून दिले आहे. राजवाड्यात घडलेल्या गोष्टी, मग त्या कथेच्या आरंभीच्या असोत वा अखेरच्या, राजवाड्याच्या परिसरातच येतात, आणि एकच पात्र भिंतीवर पुन्हा पुन्हा भेटते. पाहणाऱ्याला कथा आधीपासून ठाऊक आहे आणि तो भिंतीसमोरून चालत, मागे वळत, पुन्हा पुढे येत ती जुळवून घेणार आहे, असे गृहीत धरूनच हे काम झालेले आहे.

पाठ्यपुस्तकात यातले काय येते, तर एखादा चेहरा, एखादी आकृती, चार बोटे रुंदीच्या चौकटीत कापून लावलेली. चित्र सुंदर असते, पण ज्या रीतीने ते पाहायचे ती रीत चौकटीबाहेर राहून जाते. वारशाच्या शिक्षणात आभासी वास्तवाचा, म्हणजे व्हर्च्युअल रिॲलिटीचा खरा उपयोग कुठे आहे, या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते इथेच मिळते. ज्या वास्तूत किंवा कलाकृतीत जागा हाच अर्थाचा भाग आहे, तिथे हे तंत्र असे काही दाखवू शकते जे पुस्तक, फळा किंवा साधी चित्रफीत दाखवू शकत नाही. जिथे तसे नाही, तिथे चांगले छायाचित्र आणि चांगला शिक्षक पुरेसा असतो, आणि बहुतेक वेळा तो अधिक परिणामकारकही ठरतो.

प्रत्यक्ष अजिंठ्याला सहल नेली तर हा प्रश्न सुटेल, असे वाटणे साहजिक आहे. वाघोरा नदीच्या नालाकृती दरीत, उभ्या कड्यात खोदलेली ती ३० लेणी प्रत्यक्ष पाहण्याला पर्याय नाही, हेही खरे. परंतु सतराव्या लेण्यात उजेड बेताचा असतो, चित्रांच्या जपणुकीसाठी एका वेळी मोजक्याच लोकांना आत सोडतात, फ्लॅशला मनाई असते आणि मागची रांग पुढे सरकण्याची वाट पाहत असते. त्यातच भिंत आणि खांबांची रांग यांच्यामधला मार्ग अरुंद आहे. मंडपाच्या मध्यभागी उभे राहिले तर खांब आड येतात आणि भिंतीजवळ गेले तर एका वेळी तिचा लहानसा तुकडाच दिसतो. पूर्ण भिंत एका नजरेत दिसेल अशी एकही जागा त्या लेण्यात नाही. शिवाय ज्यांना चढण आणि पायऱ्या झेपत नाहीत, किंवा ज्यांची शाळाच न्यू जर्सीच्या एखाद्या मराठी मंडळात रविवारी भरते, त्या मुलांचा विचार सहलीच्या नियोजनात कुठेच नसतो.

नकलांचा जुना इतिहास

मूळ वस्तू दूर आहे, नाजूक आहे, म्हणून तिची नक्कल करून ती शिकण्यासाठी वापरावी, ही कल्पना संगणकाच्या कितीतरी आधीची आहे, आणि अजिंठ्याइतका तिचा बोलका इतिहास क्वचितच कुठे असेल. मद्रासच्या सैन्यातले अधिकारी रॉबर्ट गिल यांना १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने ही भित्तिचित्रे तैलरंगांत उतरवून घेण्याच्या कामावर नेमले. वर्षानुवर्षे खपून त्यांनी केलेल्या मोठ्या नकला लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या गेल्या आणि १८६६ मधल्या आगीत त्यांतल्या बहुतेक जळून गेल्या. पुढे १८७२ पासून मुंबईच्या कलाशाळेचे, म्हणजे आजच्या जे. जे. चे, जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जाऊ लागले. पेस्तनजी बोमनजी हे नंतर नावारूपाला आलेले चित्रकार त्याच तुकडीतले. हे काम १८८५ पर्यंत चालले, आणि त्याच वर्षी लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयात लागलेल्या आगीत या नकलांपैकीही पुष्कळ नष्ट झाल्या.

या इतिहासातली दुसरी बाजू शिक्षकांनी विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. नक्कल करताना चित्र स्पष्ट दिसावे म्हणून ग्रिफिथ्स यांच्या काळात भिंतींवर वॉर्निश लावले गेले. त्यानंतर, अजिंठा निजामाच्या राज्यात असताना, १९२० ते १९२२ या काळात बोलावलेल्या इटालियन तंत्रज्ञांनी सुटणारा गिलावा बसवला, त्याचबरोबर चित्रांवर शेलॅक म्हणजे लाखेचा लेपही दिला. हे लेप काळाबरोबर पिवळे पडले, त्यांनी धूळ आणि काजळी धरून ठेवली, आणि मातीच्या गिलाव्यावर कोरड्या पद्धतीने रंगवलेल्या मूळ चित्रांचे रंग त्यांखाली झाकोळले. शिकण्यासाठी नक्कल करण्याच्या हौसेने मूळालाच इजा पोचल्याचे हे उदाहरण आहे. १९९० च्या दशकाच्या आरंभी छायाचित्रकार बिनॉय बहल यांनी अत्यंत मंद उजेडात, कॅमेऱ्याचे शटर दीर्घकाळ उघडे ठेवून ही चित्रे टिपली, तेव्हा त्या अंधारात केवढे रंग दडलेले आहेत हे अनेकांना पहिल्यांदाच कळले. आजच्या डिजिटल नोंदणीचे सर्वांत मोठे श्रेय हेच, की भिंतीला हात न लावता ती करता येते.

भिंतीची डिजिटल प्रत कशी तयार होते

यासाठी दोन पद्धती मुख्यतः वापरतात आणि बहुधा त्या एकत्रच वापरल्या जातात. पहिली लेसर स्कॅनिंगची. तिपाईवर ठेवलेले यंत्र चहूबाजूंना लेसरचा किरण फिरवते, किरण भिंतीवर आपटून परत यायला लागलेल्या वेळेवरून किंवा त्याच्या लहरीत पडलेल्या फरकावरून अंतर मोजते, आणि अशी लक्षावधी अंतरे नोंदवत जाते. दुसरी पद्धत फोटोग्रामेट्रीची. यात एकाच पृष्ठभागाची शेकडो, कधी हजारो छायाचित्रे अशी घेतात की शेजारशेजारच्या दोन छायाचित्रांत निम्म्याहून अधिक भाग सामाईक असावा. मग संगणक त्या छायाचित्रांतल्या समान खुणा ओळखतो आणि कॅमेरा कुठे होता, खूण अवकाशात कुठे आहे, हे त्रिकोणमितीने काढतो. लेसरकडून माप अचूक मिळते आणि छायाचित्रांकडून रंग व बारकावे मिळतात.

दोन्ही पद्धतींतून हाती येतो तो बिंदुमेघ, म्हणजे अवकाशातल्या असंख्य बिंदूंचा संच, ज्यातल्या प्रत्येक बिंदूला स्वतःचे स्थान आणि रंग असतो. रांगोळीत आधी ठिपके काढून मग रेषांनी जोडतात, तसे संगणक हे बिंदू लहान लहान त्रिकोणांनी जोडून अखंड पृष्ठभाग तयार करतो, आणि त्यावर छायाचित्रांतून घेतलेली रंगीत त्वचा चढवतो. मूळ प्रतीत असे त्रिकोण अब्जावधी असू शकतात. डोक्यावर बसणाऱ्या, स्वतःच्या लहानशा चिपवर चालणाऱ्या हेडसेटला मात्र एका वेळी काही लाख त्रिकोणच झेपतात. त्यामुळे वर्गात पोचणारी प्रत नेहमीच विरळ केलेली असते. लांबची भिंत ढोबळ आकारात आणि जवळची तपशिलात दाखवणे, किंवा भिंतीचा खडबडीतपणा प्रत्यक्ष आकारात न ठेवता केवळ छायाप्रकाशाच्या गणिताने भासवणे, अशा युक्त्या त्यासाठी केलेल्या असतात. त्यात लबाडी नाही, पण हे विद्यार्थ्यांना सांगितले पाहिजे. नाहीतर हेडसेटमध्ये गुळगुळीत दिसणारी भिंत मुळातही तशीच असावी, असा समज होतो.

रंगाचा प्रश्न आणखी नाजूक आहे. छायाचित्रे घेताना प्रमाणित रंगांची पट्टी चौकटीत ठेवून रंग जुळवले जातात, आणि वॉर्निशची चकाकी टाळण्यासाठी दिव्यावर आणि लेन्सवर ध्रुवणाच्या (पोलरायझर) काचा आडव्या-उभ्या लावतात. एवढे केले तरी कोणता रंग खरा धरायचा, हा प्रश्न उरतोच. पिवळ्या लेपाखालून आज दिसतो तो, की पुरातत्त्व खात्याच्या रसायनशाखेने लेप काढलेल्या भागात उघड झाला तो, की चित्रकाराने लाल-पिवळा गेरू, हिरवी माती, काजळ आणि दूर अफगाणिस्तानाकडून आलेला निळा लाजवर्द वापरून रंगवला त्या दिवशीचा? यांपैकी पहिल्या दोहोंना पुरावा आहे आणि तिसऱ्याला अनुमान आहे. एखाद्या आभासी लेण्यात रंग झगझगीत, ताजे दिसत असतील तर कोणीतरी आपल्या वतीने हा निर्णय घेऊन टाकलेला आहे, असे समजावे.

हेडसेट नेमके काय करतो

माणसाच्या डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमध्ये सरासरी ६३ मिलिमीटर अंतर असते, त्यामुळे दोन्ही डोळ्यांना किंचित वेगळी दृश्ये दिसतात आणि मेंदू त्या फरकावरून खोली ओळखतो. हेडसेट दोन डोळ्यांपुढे अशीच दोन वेगळी चित्रे धरतो. एवढेच असते तर ते एकोणिसाव्या शतकातल्या स्टिरिओस्कोपसारखेच झाले असते. नवीन गोष्ट ही, की डोके किती वळले, वाकले, पुढे सरकले हे यंत्रातले संवेदक सतत मोजतात आणि त्याप्रमाणे दर सेकंदाला ७२, ९० किंवा अधिक वेळा चित्र नव्याने रेखाटले जाते. डोके हलणे आणि चित्र बदलणे यांत सुमारे २० मिलिसेकंदांहून अधिक विलंब झाला तर भास विस्कटू लागतो. डोळे सांगतात की आपण हलत आहोत आणि अंतर्कर्ण सांगतो की नाही, किंवा याच्या उलट, या विसंगतीतून अनेकांना मळमळ होते.

इथे एक फरक खरेदीच्या आधीच समजून घ्यावा. बाजारात आभासी सहल म्हणून जे मिळते त्यातले बरेचसे ३६० अंशांचे छायाचित्र किंवा चित्रण असते. त्यात मान वळवली तर दृश्य वळते, पण पाऊल पुढे टाकले तर भिंत जवळ येत नाही, कारण कॅमेरा जिथे ठेवला होता तिथेच पाहणारा जखडलेला असतो. त्रिमितीय प्रतिकृतीत मात्र चालता येते, वाकता येते, खांबाआडून डोकावता येते. सिंहलाच्या भिंतीसाठी दुसराच प्रकार हवा, कारण तिथले वाचन चालण्यातूनच घडते. पहिला प्रकार स्वस्त आहे, साध्या फोनवर चालतो, आणि दरीचे दृश्य किंवा लेण्यांचे दर्शनी भाग दाखवायला तो उत्तम आहे, म्हणून तो टाकाऊ नाही. फक्त कशासाठी काय वापरायचे ते ठरवावे लागते.

तुनह्वांगचा धडा

चीनच्या कान्सू प्रांतात, वाळवंटाच्या कडेला असलेल्या तुनह्वांगच्या मोगाव लेण्यांत हा प्रयोग अधिक व्यापक प्रमाणावर झाला आहे. तिथे ४९२ लेण्यांत चित्रे आणि मूर्ती आहेत, आणि प्रवाशांच्या श्वासाबरोबर येणारी आर्द्रता व कर्बवायू ही तिथलीही मोठी चिंता आहे. फान चिनशी यांच्या पुढाकाराने तिथल्या अकादमीने १९९० च्या दशकातच डिजिटल नोंदणीचे काम हाती घेतले. २०१४ मध्ये लेण्यांपासून दूर एक प्रेक्षक केंद्र सुरू झाले, जिथे प्रवासी आधी घुमटाकार पडद्यावर लेण्यांचे अंतरंग पाहतात आणि मगच प्रत्यक्ष लेण्यांकडे जातात. त्यामुळे लेण्यात घालवायचा वेळ कमी करता आला. २०१६ मध्ये ३० लेण्यांच्या उच्च दर्जाच्या प्रतिमा संकेतस्थळावर सर्वांना खुल्या झाल्या.

शिक्षणाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा प्रयोग २०१२ मधला आहे. जेफ्री शॉ आणि सारा केंडरडाइन यांनी हाँगकाँगमध्ये मोगावच्या २२० क्रमांकाच्या लेण्याची पूर्ण आकाराची आभासी प्रतिकृती वर्तुळाकार पडद्यावर उभी केली. या लेण्यातल्या भिंती इसवी सन ६४२ मध्ये रंगवल्या गेल्या. नंतरच्या काळात त्यांवर दुसरा थर चढला, आणि तो विसाव्या शतकात काढल्यावर मूळ चित्रे पुन्हा उघडी झाली. आभासी प्रतिकृतीत पाहणारे लोक भिंतीच्या एखाद्या भागावर जणू भिंग धरू शकतात, चित्रातली वाद्ये वेगळी काढून पाहू शकतात, आणि चित्रात गोठलेले नृत्य आजच्या नर्तकांनी कसे उलगडले तेही पाहू शकतात. ध्यानात घेण्याची गोष्ट अशी, की तिथे हेडसेट नव्हता. लोक एकत्र उभे राहून एकच लेणे पाहत होते, बोटाने दाखवत होते, आपसांत बोलत होते. हेडसेट विद्यार्थ्याला वर्गापासून तोडतो आणि वारशाची चर्चा एकट्याने होत नाही, ही अडचण त्या रचनेने आपोआप टाळली. आपल्याकडच्या शाळांना वर्तुळाकार पडदा परवडणारा नाही, पण त्यामागचा विचार प्रोजेक्टरवरही राबवता येतो.

अधिक गुंगणे म्हणजे अधिक शिकणे नव्हे

आभासी वास्तवाच्या जाहिराती ऐकल्या तर वाटते की मुले त्यात रमतात, म्हणजे शिकतातच. संशोधन मात्र सावध करते. जोसेलिन पॅरोंग आणि रिचर्ड मायर यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपैकी काहींना जीवशास्त्राचा एक पाठ हेडसेटमधून आणि काहींना साध्या सरकचित्रांतून (स्लाइड्समधून) दिला. हेडसेटवाल्यांना पाठ अधिक आवडला, पण चाचणीत सरकचित्रे पाहिलेल्यांनी अधिक गुण मिळवले. २०१९ मध्ये गायडो माक्रान्स्की आणि सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेच्या आभासी पाठाबाबत असेच दाखवले, की हेडसेटमध्ये आपण तिथेच असल्याची भावना वाढली, पण शिकणे कमी झाले, आणि मेंदूवरचा ताण वाढल्याच्या खुणा मेंदूलहरींच्या नोंदीत दिसल्या. कारण समजण्यासारखे आहे. चहूबाजूंनी दृश्य असले की कुठे पाहायचे हे ठरवण्यातच लक्ष खर्च होते, आणि जे समजून घ्यायचे त्यासाठी ते उरत नाही.

याच अभ्यासांत उपायही सापडतात. पॅरोंग आणि मायर यांच्या दुसऱ्या प्रयोगात पाठाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यानंतर विद्यार्थ्यांना स्वतःच्या शब्दांत सारांश लिहायला लावला, तेव्हा हेडसेटमधले शिकणे सुधारले. माक्रान्स्की यांच्या गटाने असेही दाखवले आहे, की हेडसेट घालण्याआधी मुख्य संकल्पना आणि नावे ओळखीची करून दिली तर त्याचा फायदा होतो. हे विज्ञानाच्या पाठांवरचे निष्कर्ष आहेत आणि ते इतिहासाला जसेच्या तसे लावू नयेत. परंतु अजिंठ्याची चित्रेही ज्यांना कथा आधीच माहीत आहे अशांसाठीच काढली होती, याची इथे आठवण होते. पाचव्या शतकात, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात, या लेण्यात येणारा भिक्षू किंवा उपासक कोरा नव्हता. आपला विद्यार्थीही कोरा पाठवू नये.

त्यामुळे सिंहलाच्या भिंतीचा पाठ हेडसेटने सुरू करणे मला चुकीचे वाटते. पहिल्या तासाला कथा सांगावी, चांगली रंगवून सांगावी, आणि मुलांना तिचे दहाबारा प्रसंग कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहायला लावावेत. दुसऱ्या तासाला हेडसेट. बहुतेक शाळांत तो एखाददुसराच असणार, आणि ती अडचण समजण्याऐवजी पाठाची रचनाच त्याभोवती करावी. एका विद्यार्थ्याने हेडसेट घालावा, त्याला दिसते ते प्रोजेक्टरवर सर्वांना दिसावे, आणि उरलेल्या वर्गाने त्याला दिशा द्यावी: आणखी उजवीकडे, थांब, त्या घोड्यापाशी परत जा, खाली वाक. पाहणारा एक असतो, पण शोधणारे चाळीस असतात. ज्याच्या हाती ज्या प्रसंगाची चिठ्ठी आहे त्याने तो प्रसंग भिंतीवर सापडला की हात वर करावा, आणि फळ्यावर काढलेल्या भिंतीच्या आराखड्यात चिठ्ठी चिकटवावी. पंधरा-वीस मिनिटांत फळ्यावर जे दिसू लागते ते कालक्रमाला धरून नसते, आणि मग प्रश्न मुलांकडूनच येतो की चित्रकाराने असे का केले असेल. या प्रश्नासाठीच सारा खटाटोप आहे.

तिसऱ्या तासाला त्याच भिंतीची सपाट प्रतिमा, म्हणजे सर्व छायाचित्रे जुळवून, खांब वगळून तयार केलेली पूर्ण भिंत, मोठ्या कागदावर छापून समोर ठेवावी. कथा वाचायला ही प्रतिमा हेडसेटपेक्षा कितीतरी सोयीची आहे. पण ती दीड हजार वर्षांत लेण्यात आलेल्या कोणालाही कधी दिसलेली नाही, कारण प्रत्यक्षात खांब आहेत, मार्ग अरुंद आहे आणि दिवा मंद आहे. अभ्यासकाची भिंत आणि उपासकाची भिंत यांतला हा फरक नववी-दहावीच्या मुलांना नीट कळतो, फक्त दोन्ही भिंती शेजारी ठेवायला हव्यात. त्याचबरोबर ही जागा बौद्धांसाठी पवित्र आहे, मंडपाच्या अखेरीस गाभाऱ्यात बुद्धमूर्ती आहे, आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी वर्गांत ती श्रद्धा बाळगणारी मुले बसलेली आहेत, हेही शिक्षकाच्या मनात असावे. गाभाऱ्यात उड्या मारू देणारी, गुण मिळवून देणारी खेळवजा रचना इथे शोभत नाही.

आरोग्याच्या बाबी थोडक्यात सांगता येतील. एका वेळी पाच-सात मिनिटांहून अधिक काळ हेडसेट घालू देऊ नये, शक्यतो बसवून द्यावा, आणि आभासी जागेत सरकत जाण्याऐवजी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी थेट पोचण्याची सोय वापरावी, म्हणजे मळमळ कमी होते. वयाबाबत उत्पादकाच्या सूचना पाळाव्यात. उदाहरणार्थ, मेटा कंपनीने २०२३ मध्ये पालकांच्या नियंत्रणाखालील खात्यांसाठी किमान वय १० वर्षे ठरवले. ज्याला घालायचा नाही त्याला आग्रह करू नये.

गळून पडलेल्या गिलाव्याचे काय करायचे

सतराव्या लेण्यात अनेक ठिकाणी गिलावाच गळून गेला आहे आणि मागचा दगड दिसतो. आभासी प्रतिकृती करणाऱ्यापुढे इथे मोह उभा राहतो. रिकामी जागा रसभंग करते, आणि आता तर संगणकाला सांगितले की तो आजूबाजूचे पाहून ती भरूनही देतो. पण संगणकाने भरलेला भाग म्हणजे हजारो इतर चित्रांची सरासरी असते. पाचव्या शतकातल्या एका विशिष्ट चित्रकाराने तिथे काय काढले होते, याचा पुरावा त्यात नसतो. हेडसेटमध्ये हा धोका कागदापेक्षा मोठा आहे, कारण आपण तिथे उभे होतो आणि ते डोळ्यांनी पाहिले, अशी आठवण मनात राहते.

या प्रश्नाचा विचार जाणकारांनी पूर्वीच केला आहे. २००६ मध्ये तयार झालेली आणि २००९ मध्ये सुधारलेली लंडन सनद संगणकावर वारसा साकारताना पाळायची तत्त्वे सांगते. त्यांचा गाभा असा, की पाहणाऱ्याला कोणता भाग पुराव्यावर उभा आहे, कोणता अनुमानावर आणि त्या अनुमानाचा आधार काय, हे कळले पाहिजे, आणि निर्णय कसे घेतले गेले याची नोंद ठेवली पाहिजे. इटलीत प्रत्यक्ष चित्रांच्या दुरुस्तीत याहून जुनी एक रीत आहे. गेलेला भाग भरताना तो बारीक उभ्या रेघांनी रंगवतात, जेणेकरून लांबून चित्र एकसंध दिसावे आणि जवळ गेल्यावर भर कुठे आहे ते ओळखू यावे. आभासी लेण्यात हेच अधिक सहज करता येते. एक कळ दाबली की भरलेला भाग नाहीसा व्हावा आणि उघडा दगड दिसावा, दुसरी दाबली की अनुमानाचा आधार, म्हणजे दुसऱ्या लेण्यातले समांतर चित्र किंवा संस्कृत-पालीतला कथाभाग, समोर यावा. ही सोय नसलेली प्रतिकृती कितीही देखणी असली तरी ती शिकवण्याच्या कामी मी दुय्यम मानेन. आणि ही सोय असेल, तर दहावीचा विद्यार्थीही इतिहासकाराचे मूळ काम, म्हणजे पुरावा आणि तर्क वेगळे करणे, त्या लेण्यात उभा राहून करू शकतो.

प्रत कोणाच्या हाती

गिल आणि ग्रिफिथ्स यांच्या नकला आगीत गेल्या. डिजिटल प्रतींना नाहीसे व्हायला आगही लागत नाही. ब्रिटनमध्ये १९८६ साली बीबीसीने देशभरातल्या शाळांकडून माहिती आणि छायाचित्रे गोळा करून एक मोठा प्रकल्प लेसर तबकड्यांवर काढला. पंधरा-वीस वर्षांत त्या तबकड्या वाचणारी यंत्रेच दुर्मिळ झाली आणि माहिती वाचवण्यासाठी वेगळी मोहीम काढावी लागली. अलीकडचे उदाहरण गूगलच्या एक्स्पिडिशन्सचे. २०१५ पासून पुठ्ठ्याच्या चष्म्यांतून शाळांना आभासी सहली घडवणारे हे ॲप २०२१ च्या मध्यास बंद झाले. काही सहली गूगलच्याच कला-संस्कृतीविषयक संकेतस्थळावर गेल्या, पण शिक्षकाच्या हातात वर्गाचे नियंत्रण देणारी व्यवस्था गेली, आणि त्यावर बेतलेले पाठ निरुपयोगी झाले.

म्हणून एखादी शाळा, संग्रहालय किंवा शासकीय विभाग अशा प्रतिकृतीवर पैसे खर्च करणार असेल, तर चकचकीत प्रात्यक्षिकाऐवजी कराराची कलमे आधी वाचावीत. मूळ छायाचित्रे आणि बिंदुमेघ कोणाकडे राहणार, ते कोणत्याही कंपनीच्या आज्ञावलीवाचून (सॉफ्टवेअरवाचून) उघडता येतील अशा खुल्या स्वरूपात मिळणार का, आणि शिक्षकांना ते वापरून स्वतःचे पाठ करण्याची मुभा असणार का, हे तीन मुद्दे त्यात स्पष्ट हवेत. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेने फेब्रुवारी २०२० मध्ये आपल्या संग्रहातल्या सुमारे २८ लाख प्रतिमा आणि त्रिमितीय प्रतिकृती कोणालाही परवानगी न मागता वापरण्यासाठी खुल्या केल्या, तेव्हा हे शक्य आहे हे सिद्ध झालेच आहे. हेडसेट चार-पाच वर्षांत जुना होतो, त्यावर चालणारी आज्ञावली त्याहून लवकर. मूळ छायाचित्रे नीट जपलेली असतील तर त्यांपासून नवी प्रतिकृती पुन्हा करता येते. तोवर एखाद्या तालुक्याच्या शाळेत हेडसेट आलाच नाही, तरी त्याच छायाचित्रांतून जुळवलेली सिंहलाची पूर्ण भिंत फ्लेक्सवर छापून वर्गाच्या भिंतीवर लावता येते, आणि चिठ्ठ्यांचा तास तिच्यावरही घेता येतो.